पाठीला बाक आला, मग मणक्यांचा एक्स-रे काढला का?

"आयुष्यभर कापूस वेचला, आता कंबर वाकणारच!" अकोल्यात माझ्या ओपीडीत आजीला घेऊन आलेले नातेवाईक हमखास असे म्हणतात. पण वाकलेली पाठ म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे. तिच्या मागे मोडलेला मणका असू शकतो आणि तो शोधायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाडे ठिसूळ झाली, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस झाला, की मणका मोडायला पडावे लागत नाही. वाकून पाण्याची बादली उचलली किंवा एसटीत गचका बसला, तरी तो चेपतो. अशी जवळपास दोन तृतीयांश फ्रॅक्चर त्या वेळी ओळखलीच जात नाहीत. कंबरदुखी समजून मलम चोळले जाते. एक मणका चेपल्यावर उपचार झाले नाहीत, तर वर्षभरात साधारण पाचपैकी एका स्त्रीचा आणखी एक मणका मोडतो.

"डेक्सा तपासणी केली, आकडा ठीक आहे," म्हणून निश्चिंत राहू नका. चेपलेला मणका हाडाची घनता उलट जास्त दाखवू शकतो. अपघाताशिवाय मणका मोडला असेल, तर टी-स्कोअर उणे २.५ पर्यंत घसरलेला नसला तरी उपचार लागतात.

एक्स-रेबद्दल डॉक्टरांना कधी विचारावे?

- तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमी किंवा जास्त कमी झाली असेल. नेहमीची साडी लोळू लागली असेल
- पाठीला पोक आले असेल
- पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल
- तीन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील

एक्स-रे पाठ आणि कंबर दोन्हींचा, बाजूने काढलेला हवा. फक्त कंबरेचा काढला, तर छातीमागचे मणके सुटतात. हा साधा एक्स-रे अकोट, मूर्तिजापुरातही निघतो. सुरुवातीलाच एमआरआयची घाई नको. पोटाचा किंवा छातीचा सीटी स्कॅन आधीच झाला असेल, तर त्यात मणके कसे दिसतात ते विचारा.

मात्र ताप, वजन घटणे, पायांत अशक्तपणा किंवा लघवी अडणे असेल, तर थांबू नका. टीबी आणि कॅन्सरनेही मणका चेपतो.

फ्रॅक्चर सापडले, तर केवळ कॅल्शियमवर भागत नाही. आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एक इंजेक्शन, असे हाड मजबूत करणारे उपचार आहेत. किडनी आणि दात तपासून डॉक्टर त्यातले योग्य ते ठरवतात.

आजच आईला, आजीला भिंतीशी उभे करून उंची मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. पुढे ती २ सेंमीने जरी घटली, तरी एक्स-रेचे विचारा.