'आपल्यासारखे' म्हणजे कुणासारखे?

परक्या पदार्थाविषयी मराठीत लिहिताना 'हे तर आपल्या अमुकसारखेच' हे वाक्य जितक्या सहज येते, तितक्या सहज ते तपासले जात नाही. अनुवादाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना प्रतिशब्दांचे धोके समजावून सांगतो. जेवणाच्या टेबलावर मात्र प्रतिशब्द बिनदिक्कत वाढले जातात. अलीकडेच आम्ही विभागातील चौघे फिलिपिनो जेवण प्रथमच जेवलो, तेव्हा या वाक्याचा विचार करणे भाग पडले.

विरार पश्चिमेला, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही सहा टेबलांची खाणावळ. मालक अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर कुक होते. जगभरच्या जहाजांवर फिलिपिनो खलाशी मोठ्या संख्येने असतात. त्यांच्याकडून शिकलेले दोन-तीन पदार्थ ते रविवारी करतात. आम्ही अडोबो मागवला. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी आणि तमालपत्र यांत मंद आचेवर शिजवलेले डुकराचे मांस, सोबत पांढरा भात. हळद नाही, तिखट नाही, फोडणी नाही. पहिल्या घासाला आंबटपणा नाकात चढतो, लसूण आणि मिरी मागाहून येतात, आणि भात त्या रसाने तपकिरी झाला की जेवण खऱ्या अर्थाने सुरू होते. तोंडी लावायला कच्च्या पपईचे आंबटगोड लोणचे होते. त्याचे नाव 'अत्सारा', म्हणजे समुद्र ओलांडून गेलेला आपला 'अचार'. (त्याच भाषेत शिक्षकाला 'गुरो' म्हणतात, हे कळल्यावर आमच्यापैकी एकाने भाताचा दुसरा वाडगा मागवला.)

मूळच्या सांगलीच्या सहकाऱ्यांनी 'यात मसाला घालायचा राहिलाय' असा निकाल दिला. सोबत आलेला नंदाखालचा आमचा माजी विद्यार्थी मात्र म्हणाला, "सर, हा आमच्या इंद्यालचा भाऊ दिसतोय."

दोघांनीही परिचितावरून अपरिचिताचे माप घेतले. पण ही दोन मापे एक नव्हेत. इंद्याल हा वसईच्या ख्रिस्ती घरांतला व्हिनेगर-लसणाचा मांसाहारी पदार्थ, विंदालूच्या कुळातला. वसई 1534 ते 1739 पोर्तुगिजांकडे होती. फिलिपिन्सवर 1565 ते 1898 स्पेनची सत्ता होती. तेव्हा विद्यार्थ्याच्या उद्गारामागे चवीपलीकडचा इतिहासही आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया मनिलामध्येच फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, 1593 मध्ये तिथून जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. वसईच्या माणसाने मनिलाच्या पंगतीला बसणे ही चार शतकांपूर्वीची गोष्ट आहे.

तरीही इथे सावध राहावे लागते. व्हिनेगरमध्ये मांस शिजवण्याची रीत फिलिपिन्समध्ये स्पॅनिश येण्याआधीपासूनची. 'अडोबो' हे नाव तेवढे त्यांचे. 1613 च्या तागालोग शब्दकोशात पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या धर्मोपदेशकाने त्याची नोंद 'स्थानिकांचा अडोबो' अशा अर्थाने केली. म्हणजे 'हे तर आपल्यासारखेच' हे वाक्य तिथे जेत्याने उच्चारले आणि त्याखाली मूळ नाव गाडले गेले. याच्या तीनच वर्षांनंतर, 1616 मध्ये, थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत अवतरले. दोघेही धर्मोपदेशकच, पण एकाने परक्या वस्तूला आपला शब्द दिला, तर दुसऱ्याने आपल्या आशयासाठी परकी भाषा आणि पुराणाचा घाट स्वीकारला. तुलनेची ही दोन टोके आमच्या मते वर्गात शेजारी शेजारी ठेवून शिकवावीत अशी आहेत.

प्रश्न फिलिपिन्सपुरता राहत नाही. विरारला मराठी शिकवणाऱ्याच्या वर्गात वाडवळ, सामवेदी, आदिवासी, ख्रिस्ती, घाटावरून आलेले असे सर्व असतात. सणाच्या जेवणावर ललित लेख लिहायला सांगितले की नाताळ साजरा करणाऱ्या घरांतली मुलेही पुरणपोळीवर लिहितात. त्यांना पुरणपोळी आवडत नाही असे नव्हे. पण प्रमाण मराठीत 'आपले' म्हणून काय लिहायचे, हे त्यांना कुणी न सांगता कळलेले असते. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही त्यांच्या धर्मावरून आक्षेप घेतले गेले. ज्यांना त्यांचे मराठीपणही तपासून घ्यावेसे वाटले, ते त्यांच्या गावच्या इंद्यालला 'आपला' म्हणतील, अशी आशा धरणे कठीण आहे.

खाद्यपदार्थांची चर्चा साहित्याच्या वर्गात कशाला, असा आक्षेप येईल. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकाने त्याचे उत्तर शीर्षकातच दिले आहे. मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघराला त्यांनी जे मिळवून दिले, ते वसईच्या चुलीलाही मिळायला हवे, आणि ते काम बाहेरच्या रसिकाने कौतुकाने करून भागणार नाही.

या सत्रात आम्ही विद्यार्थ्यांकडून घरच्या बोलीतील स्वयंपाकाचे शब्द जमवायला घेतले आहेत. वहीत 'इंद्याल'समोर कुणीतरी 'आंबट मटण रस्सा' असा अर्थ लिहिला होता. तो आम्ही खोडला आणि तूर्त जागा कोरी ठेवली आहे. ज्यांच्या घरचा तो शब्द आहे, ती मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर ती भरणार आहेत.