भूमिपूजनापूर्वी भूमितपासणी करा!

राजर्षी शाहू छत्रपतींनी 1906 साली कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. पुढे महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात असताना, 2003 साली, तिचा भोंगा कायमचा बंद पडला. त्या सुमारे 27 एकर जमिनीवर महाराजांचे स्मारक उभारण्याची घोषणा सरकारने केली आहे. ज्या राजाने 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या आणि 1920 साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, त्याचे स्मारक आम्हांस प्रियच आहे. परंतु स्मारकाच्या पायाखाली कोणती माती आहे, हे विचारण्याचा अधिकारही आमचाच आहे.

जवळजवळ शतकभर चालणाऱ्या कापडगिरणीच्या आवारात काय काय सांडते? बॉयलरची राख, यंत्रांचे तेल, कॉस्टिक सोडा, जेथे रंगखाते असेल तेथे रंगांचे सांडपाणी. फाटकाला कुलूप लागले म्हणून ही द्रव्ये जमीन सोडून जात नाहीत. शिसे व क्रोमियम मातीत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तेल पावसाबरोबर खाली झिरपून विहिरींच्या पाण्यास मिळते. गिरणीस लागूनच कोटीतीर्थ तलाव आहे. हाच प्रश्न उद्यमनगरातील जुन्या फौंड्र्यांच्या जागांचा. जेथे साच्यांची वापरलेली वाळू पडली, तेथे उद्या घरे उठतील.

शाहू मिलची माती विषारीच आहे, असा आमचा दावा नाही. तपासल्यावाचून 'आहे' म्हणणे आणि तपासल्यावाचून 'नाही' म्हणणे, दोन्ही अंधश्रद्धाच होत. तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच की, ऐकीव म्हणून, परंपरागत म्हणून काहीही स्वीकारू नका. आमच्या राज्यकर्त्यांची रीत मात्र उलटी! नारळ, कुदळ, पुरोहित आणि मुहूर्त यांची सिद्धता आधी होते. मातीचे चार नमुने प्रयोगशाळेत धाडण्याची आठवण कोणासही होत नाही.

या समाजास प्रदूषणाची पारख नाही असे कोण म्हणेल? मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने म्हणे विटाळ होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर खडसावून मांडला. धाग्यावरील कल्पित विटाळ ज्यांना दिसत होता, त्यांना जमिनीतील खरे विष मोजावेसे वाटत नाही. का वाटावे? पाया खणताना ती माती उघड्या हातांनी उपसणारा कोण, आणि राडारोडा जेथे टाकतात तेथे झोपडी बांधणारा कोण? अमेरिकेतही 1982 साली वॉरेन परगण्यात विषारी माती पुरण्यासाठी निग्रोंच्या वस्तीचीच जागा निवडली गेली आणि त्या लोकांनी रस्त्यावर आडवे पडून ट्रक अडविले.

'तपासणी बांधकाम करणाऱ्याने करावी,' असा सल्ला काही शहाणे देतात. ज्यास जमीन विकून नफा मिळवावयाचा त्यानेच तिचे दोष शोधावयाचे, हा न्याय चोरास पंचनामा लिहावयास बसविण्यासारखा आहे. तपासणी जनतेच्या पैशाने झाली तरच तिचा निष्कर्ष जनतेचा राहील. अमेरिकेने 2002 च्या कायद्याने जुन्या कारखान्यांच्या जागा केवळ तपासण्यासाठी गावोगावच्या नगरपालिकांना अनुदान देण्याची सोय केली. आपल्याकडे दूषित स्थळांचे नियम निघावयास जुलै 2025 उजाडले! केंद्रीय मंडळाच्या यादीत तेव्हा 103 स्थळे होती. त्यांपैकी सातच ठिकाणी शुद्धीचे काम सुरू झालेले. भोपाळच्या कारखान्यातील 337 टन कचरा हलविण्यास 1984 पासून 2025 पर्यंत चाळीस वर्षे लागली.

त्या नियमांप्रमाणे संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने राज्य मंडळास कळवावयाची असते. शुद्धीचा खर्च दूषित करणाऱ्याने सोसावयाचा आणि तो न सापडल्यास सरकारने. शाहू मिलच्या बाबतीत तर शोधाशोधीचे कारणच नाही. मालक महामंडळ, महामंडळ सरकारचे. सरकारने टोलवावयाचे ते कोणाकडे?

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. तपासणी झाली असेल तर अहवाल प्रसिद्ध करा. झाली नसेल तर स्मारकाच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम तिच्यासाठी धरा. कोणते खाते कोठे होते, सांडपाणी कोणत्या गटारातून जाई, तेलाची पिंपे कोठे ओतली जात, हे हयात गिरणी कामगारांस विचारून त्यांच्या जबान्या नोंदवा. त्यांच्याइतका माहीतगार नकाशा कोणत्याही कचेरीत सापडणार नाही. मग त्या त्या जागी भोके घेऊन निरनिराळ्या खोलीची माती व भूजल तपासा. आणि निष्कर्ष इंग्रजी फायलीत न पुरता, सोप्या मराठीत, पहिली कुदळ पडण्यापूर्वी गिरणीच्या फाटकावर लावा.