थवा उठवू नका

होळी झाली की दर वर्षी एकच फोटो सगळीकडे दिसायला लागतो. भिगवणच्या पाण्यावरून उडणारा रोहितांचा थवा, पंखांखालचा तो लाल-काळा रंग, आणि खाली ओळ : "निसर्गाची उधळण!" आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही असे फोटो आले. "तुला तर पक्ष्यांचं एवढं वेड, मग तू गप्प कशी?" असं आत्याने विचारलं. तिथे चार ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

असल्या फोटोंतला थवा पुष्कळदा आपणहून उडालेला नसतो. त्याला उठवलेलं असतं.

भिगवण न पाहिलेल्यांसाठी थोडंसं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर उजनी धरणाचं मागे पसरलेलं पाणी आहे. धरण १९८० साली पुरं झालं. भीमेचं पाणी आडवलं, गावं बुडाली, आणि काठाकाठाने दलदल तयार झाली. शेतीला पाणी सोडतात तसतशी उन्हाळ्याकडे पातळी उतरते आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. त्या चिखलात किडे, शिंपले, शेवाळ. म्हणून फाल्गुन-चैत्रात पक्षी तिथे दाटीने दिसतात, आणि म्हणूनच फोटोवाल्यांचीही दाटी होते.

आता मुद्दा असा, की हाच काळ पक्ष्यांसाठी सगळ्यात नाजूक असतो. थंडीत आलेले पाहुणे परत निघायच्या बेतात असतात. पट्टकादंब हंसांना हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाच्या बाजूला जायचं असतं. हे हंस सात हजार मीटरच्या वर उडाल्याच्या नोंदी आहेत. चिखलात चोच खुपसत फिरणारे ते चिमुकले तुतारी पक्षी तर हजारो किलोमीटर जाणार असतात. या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. निघण्याआधी काही जातींचे पक्षी इतके खातात की वजन दीडपट होतं. म्हणजे या दिवसांत पक्षी नुसता "बसलेला" नसतो, तो कामावर असतो. रोहित चोच उलटी करून पाणी गाळत गाळत खातो. त्याचं पोट त्यातून भरायला तासन् तास लागतात. आणि त्याला उडायचं म्हणजे आधी पाण्यावरून धावावं लागतं. पंख फडकवले आणि गेला, असं ते नाही.

मागच्या मार्च महिन्यात मी ज्या होडीत होते त्यात आणखी चौघे होते, प्रत्येकाच्या गळ्यात हातभर लेन्स. पंधरा मिनिटं थवा शांतपणे चरत होता. मग एकाने नावाड्याला सांगितलं, "दादा, जरा जवळ घ्या ना, उडताना पाहिजेत." नावाडी म्हणाला, "नको साहेब, खाऊ द्या त्यांना." त्यावर उत्तर आलं, "तुमची बक्षिसी वेगळी देतो की." मी मोठ्याने नको म्हटलं. चौघांपुढे एकीचं कोण ऐकतंय? होडी सरळ थव्यात गेली, सगळे उठले, खटखटखट आवाज झाले. आणि त्यातलाच एक जण परतताना मला सांगत होता की निसर्गाबद्दल लोकांत प्रेमच उरलेलं नाही!

यावर नेहमीची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं : "दोन मिनिटांत बसतात परत, काय बिघडतं?" तुमच्या होडीपुरतं खरं असेल. पण रविवारी सकाळी तिथे वीस होड्या असल्या आणि प्रत्येकीने एकदाच उठवलं, तरी त्या थव्याने न्याहारी करायची कधी?

दुसरं : "मच्छीमार नाही का फिरत? गाळपेर करणारे शेतकरी नाहीत का?" फिरतात. ते आपल्या कामाला जातात, आपल्या वाटेने. पक्षी त्यांना ओळखतात, चार पावलं बाजूला सरकतात. थव्यावर नेम धरून होडी घालणं वेगळं. शिवाय त्यांचा पोटाचा प्रश्न आहे, आपला लाइकचा.

तिसरं : "फोटोंमुळेच जागृती होते." होते ना, मी स्वतः फोटो पाहूनच या नादाला लागले. पण उडत्या रोहितांचे हजारो फोटो आधीच आहेत. आणखी एकाने नवी जागृती ती कसली होणार?

आणि घरट्यांचं तर बोलायलाच नको. याच महिन्यांत टिटवी, नदीसुरय, छोटा आर्ली उघड्या वाळूत, मातीत अंडी घालतात. काडीचाही आडोसा नाही. चैत्राच्या उन्हात आई नुसती ऊब द्यायला बसत नाही, सावली धरायला बसते. टिटवी तर पोटाची पिसं भिजवून आणते. तुम्ही "क्लोज-अप" साठी तिला अर्धा तास उठवून ठेवलंत तर अंडी भाजतात, नाहीतर कावळा नेतो. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे. तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणंही धरलं आहे. बंदूक हवीच असं नाही, लेन्सही चालते.

माझा राग कॅमेऱ्यावर नाही, नावाड्यांवर तर नाहीच. गिऱ्हाईक जे मागतं ते ते देतात. मागणारे आपण, शहरातून गेलेले. तेव्हा मागणंच बदलूया. होडीत बसण्याआधी सांगायचं, "दादा, थवा उठवायचा नाही, चरतानाच बघायचाय," आणि बक्षिसी द्यायचीच तर त्याबद्दल द्यायची. रोहितांनी माना ताठ केल्या आणि सगळे एकाच दिशेने चालायला लागले की समजायचं, आपण फार जवळ आलोय. होडी तिथेच थांबवायची. उडतानाचाच फोटो हवा असेल तर वाट बघा. एखादा भोवत्या वरून घिरटी घालत येतो आणि थवा आपला आपण उठतो. तो फोटो खुशाल घ्या, तो तुमच्या नशिबाचा. आला नाही भोवत्या, तर नाही आला.

आणि आपल्या ओळखीच्या कुणी असा फोटो टाकला, की "वा!" लिहिण्याआधी एवढंच विचारायचं : थवा उडाला, की उडवला? उत्तर "उडवला" असेल तर वाहवा नको. ज्या दिवशी त्या फोटोला वाहवा मिळणार नाही, त्या दिवशी होडी थव्यात घालायला कुणी सांगणार नाही.

असो, बरंच लांबलं. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल भांडावं, पण जरा चैत्र उलटू द्या. तोवर त्यांना जेवू द्या.