पात्रता सिद्ध झाली, पद कोठे आहे?

विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हावयाचे तर पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण आणि त्यावर नेट, सेट किंवा विहित पद्धतीने मिळविलेली पीएच.डी., असा दंडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विद्यापीठीय विभागांसाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचे ठरविले. जुलै २०२१ पासून लागू व्हावयाची ती अट २०२३ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ मध्ये ऐच्छिक ठरली. दरम्यान जे तरुण केवळ या अटीपोटी संशोधनाकडे वळले, त्यांच्या उमेदीच्या वर्षांचा हिशेब कोण देणार?

महाराष्ट्रात अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहत आहेत. पात्रता तीच, अभ्यासक्रम तोच; पण तास झाला तरच मानधन आणि सुट्टीत हात रिकामे. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये ही मर्यादा ठरविली. मात्र मानधन वाढले म्हणून शाश्वती येत नाही. पुढील जूनमध्ये आपण वर्गावर असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो दीर्घ पल्ल्याचे संशोधन कसे उभे करणार?

कसोटी कठोर हवीच, पण ती घेणाऱ्यावरही बंधन येते. मंजूर पदांची जाहिरात वेळेवर निघावी आणि निवड ठरल्या मुदतीत पूर्ण व्हावी. पात्रता परीक्षा नेमाने घ्यायच्या आणि पदे मात्र रिक्त ठेवायची, हा व्यवहार ज्ञानमंदिराला शोभणारा नाही.