निकालपत्रे नाशिकला पाठवा

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. एकोणीस वर्षांनी, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातील १२ जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतल्या पाच जणांना विशेष न्यायालयाने फाशी सुनावली होती. त्या दिवशी वाहिन्यांवर भरपूर आरडाओरडा झाला. निकालपत्र उघडून वाचण्याचे कष्ट मात्र फार थोड्यांनी घेतले असावेत.

ते वाचताना चरचरते. जप्त केलेली स्फोटके प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नीट सीलबंद होती, हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्यासमोर ओळखपरेड झाली, त्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. कबुलीजबाब तर न्यायालयाने बाजूलाच ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. पण मुद्देमालाच्या त्या सिलाचे काय? दहा दिवसांनी २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल लागला. तिथेही विशेष न्यायालयाने नोंदवले, की घटनास्थळाचा पंचनामा झाला, पण नकाशा काढला नाही आणि बोटांचे ठसे घेतले नाहीत.

नकाशा काढायला कागद, पेन्सिल आणि टेप लागते, मुद्देमाल सील करायला लाख, दोरा आणि शिक्का. यातले काहीच परदेशातून मागवावे लागत नाही. खून असो की घरफोडी, तपासाची पहिली इयत्ता हीच. ती कच्ची राहिली, की पुढची सगळी इमारत वकिलाच्या एका उलटतपासणीत कोसळते.

शिकवायचे ठरवले तर महाराष्ट्राला उत्तम शिकवता येते. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० मध्ये गडचिरोलीत सी-६० पथक उभे राहिले. जंगल आणि बोली जाणणारी स्थानिक मुले निवडून त्यांना त्याच जंगलासाठी घडवले गेले. २६/११ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे नुसत्या लाठीनिशी एके-४७ समोर उभे राहिले, त्यानंतर मुंबईला ‘फोर्स वन’ मिळाले, शस्त्रे आली, सराव आले. हे सारे हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण हे शिक्षण मूठभरांचे. ज्या हवालदाराकडे चोरीचा, अपघाताचा, विनयभंगाचा कागद येतो, त्याच्या हातच्या कामासाठी एवढी आच कधी दिसली नाही. बंदूक शिकवण्याला वलय आहे. पंचनामा शिकवणाऱ्याचा फोटो कोण छापणार?

नाशिकच्या पोलीस अकादमीचे मूळ १९०६ मध्ये पुण्याजवळच्या भांबुर्ड्यात निघालेल्या प्रशिक्षण शाळेत आहे. तीन वर्षांनी ती नाशिकला गेली. फौजदार तिथे घडतात. शिपाई घडतात ते खंडाळा, दौंड, जालना, अकोला, तुरची अशा केंद्रांत, साधारण नऊ महिन्यांत. येणारी पोरे कच्ची नसतात. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते आणि बारावीची अट असलेल्या या नोकरीसाठी पदवीधरांचीही रांग लागते. कवायतीच्या मैदानावर उस्ताद त्यांना शिस्त लावतात आणि ती लागतेही. दीक्षान्त संचलनात एकही पाऊल चुकत नाही.

मग ठाणे मिळते आणि बंदोबस्त सुरू होतो. गणपती, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा. ‘कॉमन कॉज’ आणि लोकनीती-सीएसडीएस यांच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातला पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतो. सेवेत असताना पुन्हा प्रशिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण त्या अहवालात जेमतेम सहा टक्के भरले. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने २०२५ मध्ये मोजले तेव्हा पोलिसांच्या एकूण तरतुदीतला सव्वा टक्का प्रशिक्षणाच्या वाट्याला आलेला होता. अशात एखाद्या कोर्सचे पत्र ठाण्यात आले, की वरिष्ठ निरीक्षक कोणाला पाठवील? ज्याच्यावाचून अडत नाही, त्याला. तपासात हुशार असलेल्याला तो सोडणारच नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

वेळेचा हा प्रश्न सुटूच शकत नाही, असे मात्र नाही. मुंबईत देवनार ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचे गणित कागदावर मांडले. तेव्हाचे आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी २०१६ मध्ये त्याच ठाण्यात ते करून पाहिले आणि पुढे शहरभर नेले. पुढच्या काळात त्याची घडी विस्कटली, हेही खरे. पण कल्पना खालून आली आणि वरच्याने ती ऐकली, हे पोलीस खात्यात दुर्मीळच.

१ जुलै २०२४ पासून तर नव्या फौजदारी कायद्यांनी अभ्यासक्रमच बदलला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, पंचांच्या सह्यांसकट. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात त्या फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा; आतला एक ठिपका हलला तरी तो बदलतो. पस्तिशी ओलांडलेल्या हवालदाराला हे दोन तासांच्या व्याख्यानात आणि एका पीडीएफमध्ये समजेल, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकटे सोडणे. अशा प्रमाणपत्राची किंमत काय असते, ते जालन्याने पाहिले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे २९६ मतांनी निकाल लागला. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावर आले आणि त्यासाठीचा प्रमाणपत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रमाणपत्र सक्तीचे, असा निर्णय २०२० मध्ये आला. निवडणुकीच्या खटल्यात आमदारकी जाते. फौजदारी खटल्यात अशाच कागदावाचून आरोपी सुटेल किंवा निरपराध अडकेल.

पोलिसांच्या मारहाणीचा विषयही इथेच येतो. समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे यांच्या समितीने १९७३ मध्येच पोलीस प्रशिक्षणावर केंद्राला अहवाल दिला होता. कवायतीइतकेच महत्त्व समाजाची समज आणि वृत्ती घडवण्याला द्या, हा त्याचा रोख. ज्याला शास्त्रशुद्ध जबाब घेता येत नाही आणि ज्याच्याकडे ठसे घेण्याचे किट नाही, त्याच्या हाताशी पट्टाच उरतो. याने पट्ट्याचे समर्थन होत नाही; तो सुटावा असे वाटत असेल, तर दुसरे काही हातात द्यावे लागेल, एवढेच.

उपाय शोधायला नवी समिती नको. अहमदाबादच्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या खुनाच्या खटल्यात आरोपी सुटला, तेव्हा ७ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किशनभाई खटल्यात सर्व राज्यांना बजावले होते: प्रत्येक निर्दोष मुक्ततेची तपासणी करा, चुका कुठे झाल्या ते काढा आणि त्यातून तपास अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम तयार करा. नवे आले तर त्यांना शिकवा, जुन्यांचीही उजळणी घ्या आणि तो अभ्यासक्रम दरवर्षी तपासून घ्या. इतका सरळ आदेश क्वचितच येतो. म्हणून गृहखात्याला विचारायला हवे, की गेल्या वर्षी सत्र न्यायालयांतून आलेली किती निकालपत्रे नाशिकच्या आणि तुरचीच्या वर्गांत फळ्यावर चढली? ती मराठीत सोपी करून कोणी दिली? प्रशिक्षण केंद्रावरची नेमणूक ही ‘साइड पोस्टिंग’ मानली जाते, तोवर हे काम मनापासून करणारा शिक्षक मिळणे कठीण. तिथे शिकवलेल्या वर्षांना बढतीत वजन दिले, तर चांगले तपासनीस आपणहून तिकडे जातील.

सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची सक्ती लागू करायला नव्या संहितेने राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. सक्ती लागू झाली तरी व्हॅन येण्याआधी तिथे बीट अंमलदार पोचलेला असेल. गर्दी मागे हटवून जागा दोरीने बांधणे, कशालाही हात न लावणे, वेळ लिहून ठेवणे ही कामे त्याचीच. दोरी, हातमोजे, पुराव्याच्या पिशव्या आणि सरकारने दिलेला, चार्ज टिकणारा मोबाइल प्रत्येक ठाण्यात असावा, ही मागणी फार मोठी नाही. पुढची भरती मंजूर करताना काही टक्के पदे प्रशिक्षणासाठी राखीव धरावीत, म्हणजे एक जण वर्गात बसला तरी ठाण्यात त्याची जागा भरलेली राहील. आणि ही राखीव माणसे बंदोबस्ताला काढता येणार नाहीत, ही अट त्याच शासन निर्णयात घालावी. नाहीतर पहिल्याच गणपतीला वर्ग रिकामा होईल.