खडखड, टकटक की ठकठक?

गॅरेजवर गेल्यावर आपण नेमकं काय सांगतो? ‘भाऊ, इंजिनमधून आवाज येतोय.’ बस्स! म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन ‘दुखतंय’ एवढंच सांगायचं आणि औषधाची वाट बघत बसायचं, त्यातलाच प्रकार. खरं तर मराठीत आवाजांचा सॉलिड स्टॉक आहे. खडखड वेगळी, खरखर वेगळी. टिकटिक, टकटक, ठकठक, किणकिण... प्रत्येकीचा स्वभाव निराळा. आणि बाइकच्या बाबतीत यातल्या प्रत्येकीचं बिलही निराळं!

आमच्या घरी बाबांची 2005 सालची शंभर सीसी आहे. बाबा आता फारशी चालवत नाहीत, त्यामुळे ती माझ्याकडे आली. काही महिन्यांपूर्वी तिने एक नवा सूर लावला. स्टीलच्या डब्यात चिल्लर हलवावी तशी खर्रर्र. चौथ्या गिअरला चाळीसच्या आसपास सुरू, पन्नासच्या पुढे गायब. गॅरेजमधल्या भाऊंनी दोनदा अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि निकाल दिला, ‘मॅडम, हाफ इंजिन उतरवावं लागेल. सात-आठ हजार धरून चला.’ घरी बाबांचं म्हणणं, ‘एवढे पैसे घालण्यापेक्षा विकून टाक.’ वीस वर्षांची गाडी खर्रर्र करत विकायला नेली, तर भंगाराचाच भाव येणार हे उघड होतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक रविवार फक्त ऐकण्यात घालवायचं ठरवलं.

सगळ्यात आधी ऑइल. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घेऊन डिपस्टिक बघितली. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळायचं नाही. ऑइल कमी असेल तर टॅपेटपासून पिस्टनपर्यंत सगळेच कुरकुर करायला लागतात आणि मग कुठल्याही आवाजाचा अर्थ लागत नाही. आमची लेव्हल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होती. पहिला संशयित सुटला.

मग थंड आणि गरम. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये झीज झाली असेल, तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला आवाज मोठा असतो. इंजिन तापलं की पिस्टन प्रसरण पावतो, फट कमी होते आणि आवाज बसतो. आमची खर्रर्र थंडीतही तीच, दहा मिनिटांनीही तीच.

तिसरी टेस्ट न्यूट्रलची. जागेवर उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवला, आवाज आला. म्हणजे चाक, चेन, ब्रेक, शॉकअप हे सगळे बाद, कारण ते हलतच नव्हते. क्लच दाबला, काही फरक नाही. क्लचमधला खडखडाट असता, तर दाबल्यावर तो बहुधा बदलला असता.

आता खरी गंमत. इंजिनच्या आतला झिजलेला पार्ट साधारणपणे स्पीडबरोबर आवाज वाढवत नेतो. आमचा आवाज मात्र एका ठरावीक पट्ट्यातच यायचा. झोपाळ्याला नेमक्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, भलत्याच लयीत दिला की अडखळतो. गाडीवरच्या प्रत्येक सैल पत्र्याची अशीच स्वतःची एक लय असते. इंजिनची थरथर त्या लयीशी जुळली की पत्रा नाचायला लागतो. अर्थात सैल टायमिंग चेनसुद्धा कधी कधी ठरावीक स्पीडलाच ओरडते, त्यामुळे लगेच टाळ्या पिटायच्या नाहीत.

जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनवर, मूठ कानाजवळच्या हाडावर. झाला गरिबाचा स्टेथोस्कोप! हेडवर टॅपेटची नेहमीची बारीक टिकटिक, टायमिंग चेनच्या बाजूला एकसुरी घरघर. संशयास्पद काहीच नाही. मग आईचं जुनं लाटणं आणलं. मैत्रिणीने त्या ठरावीक स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर धरला आणि मी लाटण्याने एकेक वस्तू दाबत गेले. लेग गार्ड, नंबर प्लेट, साडी गार्ड, चेन कव्हर... खर्रर्र चालूच. सायलेन्सरवरच्या त्या चकचकीत पत्र्यावर, म्हणजे पाय भाजू नये म्हणून असलेल्या गार्डवर, लाटणं टेकवलं आणि एकदम शांतता. उचललं, पुन्हा खर्रर्र. तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर दोन स्क्रू काढले. पत्रा आणि सायलेन्सर यांच्यामधले वॉशर जळून भुगा झाले होते, त्यामुळे धातूवर धातू वाजत होता. स्पेअर पार्टच्या दुकानातून उष्णता सोसणारे नवे वॉशर आणि स्क्रू आणले. खर्च एका बऱ्यापैकी कॉफीपेक्षाही कमी. (जुन्या ट्यूबचं रबर कापून लावायचा मोह टाळा. ते वितळतं आणि वास मारतं.) आवाज बंद, आणि गाडी विकायचा विषयही बंद.

मग गॅरेजमध्ये तो इंजिनचा का वाटला? सायलेन्सरचा पाइप थेट इंजिनला जोडलेला असतो आणि धातूमधून आवाज मस्त प्रवास करतो. वर बसलेल्याला तो गुडघ्यांच्या मधूनच आल्यासारखा वाटतो. भाऊंना शिव्या घालण्यात अर्थ नाही. दारात डझनभर गाड्या उभ्या असताना एका गाडीला दोन मिनिटंच मिळतात. आपल्याकडे अख्खा रविवार असतो.

अर्थात प्रत्येक आवाज लाटण्याने सुटणारा नसतो. म्हणून हा छोटासा शब्दकोश जवळ ठेवा.

टिकटिक: हेडमधून, शिलाई मशीनसारखी. टॅपेट. यातली फट अगदी बारीक, बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा आणि थंड इंजिनवर फीलर गेजनेच मापायचा. आवाज पूर्ण घालवण्याच्या नादात टॅपेट टाइट करू नका. व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक परवडली.

खरखर: इंजिनच्या बाजूने, साखळी ओढल्यासारखी. टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. आपण ओळखायचं, काम मेकॅनिकचं.

किणकिण: चढावर, वरच्या गिअरमध्ये रेटताना. हे नॉकिंग. आधी गिअर उतरवा. तरीही राहिली तर आत साठलेला कार्बन आणि इग्निशन टायमिंग तपासून घ्या.

ठकठक: खोल, जड, लोड आला की वाढणारी. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय. इथे हिरोगिरी नको. इंजिन बंद करा आणि गाडी टेम्पोत घालून न्या.

एप्रिल 2020 पासूनच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. वॉरंटी असेल तर काही खोलायच्या भानगडीत पडू नका. पण ऐकायला कुणाचीच परवानगी लागत नाही. आणि हो, हे प्रयोग उघड्यावरच करा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवलं, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासही नसतो. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस चेन आणि चाकापासून लांब.

फंडा सिंपल आहे, बॉस. आवाज कधी येतो, कुठून येतो आणि काय केलं की थांबतो, या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊनच गॅरेजची पायरी चढायची. सोबत मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून न्यायचा, कारण गॅरेजच्या दारात गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. ‘भाऊ, न्यूट्रलला, गरम झाल्यावर, डाव्या बाजूने खरखर येते, क्लच दाबला तरी जात नाही’ असं सांगून बघा. समोरचा माणूस हातातला पाना खाली ठेवून तुमच्याकडे नीट बघेल आणि ‘हाफ इंजिन’ म्हणायच्या आधी गाडीजवळ वाकून स्वतः ऐकेल.