झाकण न उघडता

पॉलिटेक्निकची कॉम्प्युटर लॅब नवी होते तेव्हा जुनी कॅबिनेट्स एकगठ्ठा भंगारात जातात. त्यातले मदरबोर्ड कालबाह्य झालेले असतात, पण एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा डबा, बहुधा ठणठणीत असतो. शेजारच्याच इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये मात्र एका पॉवर सप्लायभोवती चार-पाच मुलं दाटीवाटीने उभी असतात. मला हे पाहवत नाही.

या डब्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट स्थिर मिळतात. रिले, आर्डुइनो, सेन्सर, छोटी मोटर, सगळं त्यावर चालतं. १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स मानकाने तारांचे रंगही लावून दिले: पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. हिरवी तार काळीला जोडली की पंखा फिरू लागतो. काही कंपन्यांच्या जुन्या मशिनमध्ये जोडणी वेगळी असते, म्हणून रंगावर विसंबण्याआधी मल्टिमीटर लावावा. पाच व्होल्टवर थोडा भार असल्याशिवाय काही जुने सप्लाय टिकून चालत नाहीत. त्यांना १० ओहम, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर पुरतो.

माझा आक्षेप आहे तो या डब्याचा लॅबसाठी बेंच सप्लाय करण्याच्या रूढ पद्धतीला. डबा उघडायचा, पत्र्याला भोकं पाडायची, बायंडिंग पोस्ट तिथेच बसवायचे, असं सर्रास शिकवलं जातं. आत २३० व्होल्टचे डीसीत रूपांतर होऊन कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहू शकतात. ड्रिलचा एखादा कीस सर्किटवर पडून राहिला तर पुढचा अपघात ठरलेलाच. विद्यार्थ्यांना हे करायला लावू नये. मेलेल्या मदरबोर्डवरचं २४ पिनांचं सॉकेट काढावं किंवा तयार ब्रेकआउट बोर्ड घ्यावा, आणि पोस्ट वेगळ्या प्लास्टिकच्या डबीवर बसवावेत. २४ पिनांचा मूळ प्लग शाबूत राहिला की ३.३ व्होल्टची सेन्स तार, बहुधा तपकिरी, तुटण्याचा घोळही टळतो.

दुसरी गोष्ट करंटची. बाजारातल्या बेंच सप्लायवर १०० मिलिअँपची मर्यादा लावता येते. चूक झाली तरी सर्किट वाचतं. एसएमपीएसचं संरक्षण त्याच्या स्वतःच्या क्षमतेपुरतं असतं. बारा व्होल्टवर १५ अँप देणाऱ्या डब्याला ब्रेडबोर्डच्या तारेतून पाच अँप जाणं ही तक्रार करण्यासारखी गोष्टच वाटत नाही. तार मात्र जळते. म्हणून प्रत्येक पोस्टला एक-दोन अँपचा फ्यूज हवाच. आयसी वाचवायला तोही उशिराच उडतो. त्यासाठी करंट मर्यादेचा स्क्रू असलेलं बक कन्व्हर्टर मॉड्यूल लावावं, व्होल्टेजही कमी-जास्त करता येतं.

आणि काळी तार आतून अर्थिंगला जोडलेली असते. २४ व्होल्टसाठी असे दोन सप्लाय एकापुढे एक जोडले तर अर्थिंगमधूनच शॉर्ट होतो. अर्थिंगची पिन तोडा, असा सल्ला देणारे भेटतात. तो जीवघेणा आहे.

ऑडिओ प्रीअँपसारख्या नाजूक कामाला हा सप्लाय मी सुचवणार नाही. एटीएक्स मानकातच १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंतच्या रिपलला मुभा आहे. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलना तेवढ्याने काही अडत नाही. तेव्हा प्राचार्यांनी जुन्या मशिन भंगारात देण्याआधी एसएमपीएस काढून, भार लावून तपासून घ्यावेत आणि चांगले निघतील ते इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या स्टॉक रजिस्टरवर चढवावेत.